धर्मानंद कोसंबी आणि आमच्या विहारांची कुलुपे

वऱ्हाडातील आमची माणसे दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला जातात. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, प्रत्येक स्टेशनावर निळे झेंडे आणि भाकरीची गाठोडी घेतलेले लोक गाडीत चढतात. दादरला उतरून ते चैत्यभूमीवर रांगेत उभे राहतात, शिवाजी पार्कात पुस्तके घेतात, राजगृहाला वंदन करतात आणि परतीच्या गाडीला लागतात. ही आमची वारी नव्हे, हे आमचे अभिवादन आहे आणि त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. परंतु दादरला लागूनच असलेल्या परळच्या गिरणगावात १९३७ च्या सुमारास एक बौद्ध विहार उभा राहिला होता, त्याचे नाव बहुजन विहार होते आणि तो गिरणी कामगार व अस्पृश्य वस्तीतील माणसांसाठी होता, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची ही गोष्ट. तो विहार उभा करणारा माणूस आयुष्यभर वाटसरू होता आणि जगातल्या मोठमोठ्या शहरांतील विहारांच्या ओसरीवर त्याने आपली विद्या मिळवली होती. त्या धर्मानंद कोसंबींचे चरित्र आज आमच्या वाचकांपुढे ठेवायचे आहे. पूजेसाठी नव्हे. त्या चरित्रातून आमच्या आजच्या विहारांना एक प्रश्न विचारता येतो, म्हणून.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातील साखवाळ गावचा. घराणे सारस्वत ब्राह्मणाचे, राज्य पोर्तुगिजांचे, घरची शेती-बागायत नारळाची. शाळा जवळजवळ नाहीच. प्रकृती तोळामासा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारासच लग्न झाले. नारळाचा हिशेब ठेवत या तरुणाचे आयुष्य गावातच संपायचे. परंतु मराठी पुस्तके वाचण्याचा नाद होता. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्याच्या हाती पडला आणि त्या लेखाने त्याला घर सोडायला लावले. मुलांच्या मासिकातील चार पानांचे सामर्थ्य किती असते ते यावरून ध्यानात घ्यावे. आमच्यातले जे लोक वाचनालयाला खर्च करण्यापेक्षा डीजेला खर्च करणे पसंत करतात, त्यांनी तर जरूर ध्यानात घ्यावे.

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी गोवा सोडला. मागे पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी. चरित्रकार अशा वेळी नायकाच्या त्यागाचे गोडवे गातात. आम्ही बाळाबाईंचेही नाव घेतो. नवरा कोठे आहे, जिवंत आहे की नाही, याची खात्री नसताना सासरी-माहेरी दिवस काढणाऱ्या त्या बाईने सात वर्षे जी किंमत मोजली तिच्यावर हे पांडित्य उभे आहे. आमच्या चळवळीत रमाईचे नाव बाबासाहेबांच्या नावाबरोबर घेतले जाते, ते याच जाणिवेने.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, प्रार्थना समाजाचा आसरा मिळाला. परंतु बुद्धाचा धम्म मूळ भाषेत शिकवील असा माणूस त्या वेळी महाराष्ट्रात नव्हता. ज्या भूमीत अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी आहेत, ज्या भूमीत हजारो भिक्खू वर्षावास करीत होते, त्या भूमीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पालीचा एक शिक्षक मिळू नये! धम्म या देशातून कसा पुसला गेला त्याचा याहून मोठा पुरावा कोणता? कोसंबी काशीला गेले. तेथे त्यांनी संस्कृत शिकले आणि अन्नछत्रात जेवून दिवस काढले. ब्राह्मण विद्यार्थ्याला काशीत फुकट जेवण होते, फुकट गुरू होता. तोच तरुण महार किंवा चांभार असता तर त्याला पाटीवर बसायला जागा मिळाली नसती. कोसंबींच्या कष्टांना आम्ही कमी लेखत नाही. त्यांच्या मार्गात भूक होती, आजार होता, थंडी होती. जात मात्र आडवी आली नाही, एवढे नोंदवणे इतिहासाला धरून आहे.

काशीहून ते १९०२ साली नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म ज्या मुलखात झाला तेथे बुद्धाचा धम्म जिवंत असेल अशी त्यांची समजूत होती. काठमांडूत त्यांना स्तूप दिसले, मूर्ती दिसल्या, धम्म दिसला नाही. विहारांत वारसाहक्काने चालणारे पौरोहित्य होते, अभ्यास नव्हता. ते निराश होऊन परतले. वाटसरू म्हणून मोठ्या शहरातील बौद्ध मंदिराला दिलेल्या भेटीतला हा त्यांचा पहिला धडा होता: मूर्ती आहे म्हणून तेथे धम्म असतोच असे नाही.

मग बुद्धगया. तेथील महाविहार तेव्हा शैव महंताच्या ताब्यात होता. जगभरचे बौद्ध ज्या ठिकाणी माथा टेकवतात तेथे पाहुण्यासारखे जावे लागत होते. (१९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समिती आली, परंतु तिच्यात बौद्धांना निम्म्याच जागा मिळाल्या आणि महाविहार पूर्णपणे बौद्धांच्या हाती द्यावा ही मागणी आजही उभी आहे.) बुद्धगयेत एका भिक्खूने त्यांना मार्ग दाखवला: पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जा, आणि त्याआधी कलकत्त्याला महाबोधी सोसायटीत जा. कलकत्ता त्या वेळी हिंदुस्थानची राजधानी. अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे कार्यालय तेथे होते. कॉलेज स्क्वेअरमधला धर्मराजिक चैत्य विहार उभा राहायला अजून अठरा वर्षे होती. खिशात दमडी नसलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या या मराठी तरुणाला तेथे आसरा मिळाला आणि पुढच्या प्रवासाची सोय झाली. रेल्वेने दक्षिणेकडे आणि तेथून जहाजाने कोलंबो.

कोलंबोत मालिगाकंद येथे सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केलेले विद्योदय विद्यालय होते. एका म्हाताऱ्या भिक्खूने चालवलेल्या या विद्यालयाची ख्याती युरोपपर्यंत पोहोचली होती. कोसंबी तेथे श्रामणेर झाले. पिवळे चीवर, भिक्षेचे अन्न, अनोळखी भाषा, न मानवणारी हवा. परंतु समोर त्रिपिटक आणि शिकवायला साक्षात सुमंगलाचार्य. गोव्याच्या नारळाच्या बागेतून निघालेला माणूस अखेर पाण्यापाशी येऊन पोहोचला होता. सिंहलच्या संघाचे चित्र आम्ही रंगवून सांगणार नाही. तेथील सियाम निकायात अठराव्या शतकापासून उपसंपदा एकाच उच्च मानलेल्या जातीला मिळत आली आहे. जातीचा रोग समुद्र ओलांडून तेथेही पोहोचला आहे. तरीही विद्यार्थी म्हणून आलेल्या परदेशी माणसाला विहाराचे दार, ताटातले अन्न आणि ग्रंथाचे पान तेथे मोकळे होते. आम्हाला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

सिंहलहून ते मद्रासला आले. सिंगारवेलू आणि प्रा. लक्ष्मी नरसू यांच्याभोवती तेथे बौद्ध विचारांचे एक मंडळ जमले होते. याच नरसूंचा बौद्ध धर्माच्या साररूपाचा इंग्रजी ग्रंथ पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रसिद्ध केला, हे आमच्या वाचकांना आठवत असेल. म्हणजे वाटा वेगळ्या होत्या, तरी विहिरी त्याच होत्या. मद्रासहून कोसंबी ब्रह्मदेशात गेले. तेथील विहारांत राहिले, ध्यानाचा अभ्यास केला, भिक्खू झाले. मग पुन्हा उत्तरेकडे येऊन बुद्धाच्या पायाखालची भूमी पायी हिंडले.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. जे शिकलो ते आपल्या लोकांना शिकवायचे तर लोकांत राहिले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले होते. ते गोव्याला गेले, बाळाबाईंना घेऊन आले, कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात पाली शिकवू लागले. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी विचारले की, महाराष्ट्रात राहाल काय? अट अशी की दरमहा ५० रुपये मिळतील आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे लागेल. ज्या सयाजीरावांनी पुढे भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेच हे सयाजीराव. कोसंबींनी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडली आणि ५० रुपये पत्करले, कारण त्यांना मराठीत लिहायचे होते. मराठी माणसाला बुद्ध मराठीत मिळाला तो या व्यवहारामुळे. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतून बोलावणे आले. हार्वर्ड विद्यापीठात वॉरन नावाच्या विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाचे संपादन अर्धवट ठेवून देह ठेवला होता. ते पुरे करायला जो माणूस बोलावला गेला त्याच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच्याजवळ होते ते विहारांतून मिळालेले ज्ञान. कोसंबी चार वेळा हार्वर्डला गेले: १९१०, १९१८, १९२६ आणि १९३१. पहिल्या खेपेला तेथील प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयावरून वाद झाला आणि कोसंबी परत आले. गोऱ्या प्राध्यापकापुढे वाकून नाव मिळवण्यापेक्षा त्यांनी काम अर्धे टाकणे पत्करले. हा ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून आला तो १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मात्र त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईहून १९४० मध्येच निघाली होती.

दरम्यान १९१२ पासून सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. ज्या महाराष्ट्रात १८९९ साली एक शिक्षक मिळाला नाही, त्या महाराष्ट्रात त्यांनी पालीच्या शिक्षकांची एक पिढी तयार केली. पुढे गुजरात विद्यापीठात शिकवले, १९२९ साली लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. समाजवाद त्यांना पटत होता, गांधीही पटत होते. त्यांचे पुत्र दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले.

या सगळ्या भटकंतीनंतर साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस परळला येऊन राहिला. चार वेळा हार्वर्ड पाहिलेल्या पंडिताने निवृत्तीसाठी मलबार हिल निवडली नाही, की पुण्याची पेठ निवडली नाही. त्याने गिरण्यांच्या भोंग्यांचा, चाळींचा, उघड्या गटारांचा परळ निवडला आणि तेथे विहार बांधून घेतला. नाव ठेवताना बुद्धाचे नाव दिले नाही, दात्याचे तर नाहीच. बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा, असा जो आदेश बुद्धाने पहिल्या भिक्खूंना दिला, त्यातला पहिला शब्द उचलला. बहुजन विहार. ज्या शब्दावर पुढे या देशात राजकारण उभे राहिले, तो शब्द १९३७ साली परळच्या एका विहाराच्या दारावर होता.

येथे आम्ही आमचे मत स्पष्टपणे मांडतो. या विहाराला पैसा बिर्लांचा होता. कोसंबींचा ओढा गांधींकडे होता. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा, म्हणजे या विहाराच्या केवळ दोन वर्षे आधी, मुंबईचा अस्पृश्य समाज नव्या धर्माच्या शोधात उभा होता. तरीही कोसंबी बाबासाहेबांच्या चळवळीत आले नाहीत. बहुजन विहाराच्या दारात परळचा कामगार लाटेसारखा आला नाही आणि काही वर्षांत कोसंबीही तेथून निघाले. असे का झाले? कारण धम्म कितीही शुद्ध असला तरी तो वरून कोणी वाटून लोकांचा होत नाही. ज्याच्या पाठीवर जातीचा वळ आहे त्याने स्वतः उठून तो घ्यावा लागतो आणि त्याला उठवणारा त्याच्यातलाच असावा लागतो. कोसंबींनी दार बांधले. त्या दाराकडे चालण्याचे बळ लोकांच्या पायांत आणले ते बाबासाहेबांनी.

परंतु ऋण नाकारणे हा धम्म नव्हे. कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० च्या सुमारास निघाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही पुराणासारखी कथा त्यांनी त्यात पालीच्या आधाराने खोडून काढली. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की, माणसे एकमेकांवर शस्त्र उगारताना पाहून आलेल्या उद्वेगातून ते गृहत्यागाचे पाऊल पडले. ‘बोधिसत्त्व’ या नाटकात तर त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडणच गृहत्यागाच्या मुळाशी ठेवले. पुढे १९५७ साली बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा महान ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात सिद्धार्थ याच पाण्याच्या प्रश्नावर युद्धाला विरोध करून घर सोडतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या महामानवाला पाण्याच्या भांडणाचा अर्थ कोणी शिकवायची गरज नव्हती. परंतु पालीच्या रानातून ती पायवाट आधी कोसंबींनी चालून ठेवली होती. गीतेची चिकित्सा करून त्यांनी सनातन्यांचा रोष घेतला, प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराबद्दल लिहून जैनांचा रोष घेतला. जे ग्रंथात दिसले ते लिहिले, एवढा निर्भयपणा त्यांच्याजवळ होता.

शेवटी प्रकृती ढासळली. आपले काम झाले, आता दुसऱ्यावर भार होऊ नये, या विचाराने त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. सेवाग्राम म्हणजे आमच्या अमरावतीहून रेल्वेने दोनेक तासांचा रस्ता. गोव्यातून निघून अर्धे जग फिरलेला हा वाटसरू विदर्भाच्या मातीत विसावला. तेथून नागपूर सत्तर-ऐंशी किलोमीटर. नऊ वर्षांनी त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी जे केले ते पाहायला कोसंबी असायला हवे होते, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. कोसंबी घडले कोठे? कॉलेजात नव्हे. कलकत्ता, कोलंबो, मद्रास, ब्रह्मदेश, असे विहारामागून विहार त्यांना मिळत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी दार उघडे ठेवले होते, चटई अंथरली होती, पुस्तक हातात दिले होते. बाबासाहेबही १९५० साली कोलंबो-कँडीला गेले, १९५४ साली रंगूनला गेले, १९५६ साली काठमांडूला गेले. ते पर्यटक म्हणून गेले नाहीत. विहार कसे चालतात, भिक्खू काय करतात, लोक काय शिकतात, हे पारखायला गेले. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बसवली. प्रवासातून काय आणायचे असते ते त्यांनी दाखवून दिले.

आणि आमच्याकडे? राजापेठेतून निघून आसपासच्या वस्त्यांतून संध्याकाळी फेरी मारली तर विहार पुष्कळ दिसतात. फरशी चकचकीत, मूर्ती सुंदर, कमानीवर देणगीदारांची नावे. आणि दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष ड्युटीवर. कुलूप उघडते १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात काही दिवस आणि कोणाच्या मंगलपरिणयाला. समजा उद्या एखादा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी मेळघाटातून अमरावतीला आला, किंवा एखादा भिक्खू चारिका करीत बडनेऱ्याला उतरला, तर त्याने कोणत्या विहाराचे दार ठोठवावे?

याच अमरावतीत राजापेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर अंबादेवीचे मंदिर आहे. त्या मंदिराचे दार उघडावे म्हणून १९२७ साली वऱ्हाडातील अस्पृश्यांनी लढा मांडला होता आणि १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले होते. भाऊ बाळाराम यांच्या मृत्यूची वार्ता तेथेच त्यांच्या हाती पडली, तरी त्यांनी परिषदेचे काम सोडले नाही. दुसऱ्याचे बंद दार उघडण्यासाठी ज्यांनी एवढे सोसले, त्यांच्या वारसांनी स्वतःच्या विहाराला कुलूप लावून ठेवावे काय? मूर्ती चोरीला जाईल ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु धम्म कुलपात राहिला तर तो चोरीला न जाताच संपतो. काठमांडूत कोसंबींनी जे पाहिले ते हेच होते.

म्हणून विहार समित्यांना आमची सूचना साधी आहे. रोज संध्याकाळी दोन तास दार उघडा. वस्तीतील निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शिकणाऱ्या मुली यांच्यात आठवड्याचे दिवस वाटून द्या, किल्ली एकाच खिशात ठेवू नका. एक कपाट ठेवा. त्यात बाबासाहेबांचे खंड, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणि त्यांच्या शेजारी कोसंबींची मराठी पुस्तके असू द्या. मुलांसाठी एक मासिक लावा, कारण कोणाच्या हाती चार पाने पडतील आणि तो कोठवर जाईल हे कोणी सांगावे? एक चटई आणि एक चादर वाटसरूसाठी राखून ठेवा. आणि येत्या ६ डिसेंबरला मुंबईला गेलात की चैत्यभूमीच्या अभिवादनानंतर तासभर काढून परळमध्ये बहुजन विहाराची चौकशी करा. सोबत घरातले एक शाळकरी पोर न्या आणि हे नाव कोणी, का दिले ते त्याला तेथे उभे राहून सांगा.